तहान नव्हती, तरी पाणी पीत होतो



मागच्या आठवड्यात एक तरुण पेशंट तपासणीसाठी आला होता. बीपी, शुगर, ईसीजी, सगळं ठीक. जाता जाता दारात थांबून त्याने विचारलं, "डॉक्टर, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं सायकलने अलिबागहून गोव्याला निघतोय. रोज पाणी किती प्यायचं?"

काही वर्षांपूर्वी त्याने हे विचारलं असतं, तर मी लिहिता लिहिताच सांगितलं असतं, "भरपूर!" आता मात्र मी त्याला परत आत बोलावून खुर्चीवर बसवलं. बाहेर पेशंट ताटकळत होते, त्यामुळे सगळं सांगणं जमलं नाही. "लेख लिहितो, वाच," असं म्हणून त्याला पाठवला. तोच हा लेख. यात शास्त्र आहेच, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

गुहागर ते रत्नागिरी

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. आम्ही तिघं निघालो होतो: मी, माझा शाळेपासूनचा मित्र आणि माझा भाचा. आमच्या दोघांची पन्नाशी उलटलेली, भाचा पंचविशीतला. पहिल्या दिवशी दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे आणि मग गुहागर. दुसऱ्या दिवशी सागरी रस्त्याने गुहागर ते रत्नागिरी, सुमारे ८० किलोमीटर जायचं होतं.

कोकणचा किनारा सायकलवाल्याला फसवतो. नकाशात रस्ता समुद्राला धरून जातो, म्हणून वाटतं सपाट असेल. प्रत्यक्षात गाव खाली, खाडीच्या नाहीतर पुळणीच्या कडेला असतं. गाव संपलं की चढ सुरू होतो, तो थेट जांभ्या दगडाच्या सड्यावर नेतो. सड्यावर वारा, वाळलेलं सोनेरी गवत आणि खाली निळा समुद्र. जरा सुखावतोय तोच उतार, पुन्हा माडांची सावली, पुन्हा गाव, पुन्हा चढ. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, तवसाळ असं करत आम्ही दिवसभर या माळेचे मणी ओढणार होतो. तवसाळला जेटी आहे. तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडायची की जयगड. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी.

सकाळी सव्वासहाला निघालो. हवेत चांगला गारवा होता. मी रोजच्यासारखी बीपीची गोळी घेतली होती. माझ्या गोळीत तेव्हा दोन औषधं होती, त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायझाइड. हे औषध लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं, त्याने बीपी उतरतं. स्वस्त, जुनं आणि उपयोगी औषध. मी स्वतः शेकडो पेशंटना दिलेलं.

पाण्याबाबत मी पक्का बंदोबस्त केला होता. मोबाइलवर दर पंधरा मिनिटांनी गजर. गजर वाजला की पाव लिटर पाणी, तहान असो नसो. डॉक्टर माणूस वाटेत पाणी कमी पडून चक्कर येऊन पडला, असं हसं मला होऊ द्यायचं नव्हतं. मित्र चेष्टा करत होता, "अरे, तुझी सायकल आहे की पाण्याचा टँकर?" मी त्यालाच चार वाक्यांचं व्याख्यान दिलं. तहान लागते तोवर उशीर झालेला असतो, वगैरे.

काय होत गेलं

वेळणेश्वरला देवळाजवळ थांबून शहाळं प्यायलो. छान वाटत होतं. रस्त्याकडेला दोनदा लघवीला थांबलो, ती अगदी पाण्यासारखी पांढरी होती. ते पाहून मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

हेदवीच्या अलीकडे डोकं जड झालं. हेदवीत पोहे मागवले, पण दोन घासांपुढे जाईना. मळमळत होतं, पोट तुंबल्यासारखं वाटत होतं. पोहे सोडले आणि आणखी एक शहाळं घेतलं. नरवणच्या चढावर गियर भलतेच पडू लागले. हलका हवा तिथे जड टाकत होतो. शेवटी उतरून सायकल ढकलत नेली. भाचा मागे आला, म्हणाला, "मामा, तुझा चेहरा वेगळाच दिसतोय." मी म्हटलं, "पाणी कमी पडलंय." आणि उभ्या उभ्या एक अख्खी बाटली संपवली.

इथे जरा थांबा. मळमळ, डोकेदुखी, थकवा, गोंधळ. ही लक्षणं पाहून तुम्हीही हेच म्हणाला असता ना? मीही तेच म्हटलं. पंचवीसहून जास्त वर्षं पेशंट तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं निदान दहा सेकंदांत केलं, आणि ते साफ चुकलं.

साडेअकराच्या सुमारास तवसाळच्या जेटीवर पोचलो. बोट समोरून येत होती. तिकिटाचे पैसे मी काढले आणि मला हिशोबच जमेना. तीन माणसं, तीन सायकली, साधी बेरीज. नोटा हातात धरून मी नुसता उभा. मागचे लोक खोळंबले, शेवटी मित्राने माझ्या हातातून पैसे घेतले. मला बाकावर बसवलं आणि बाटली पुढे केली, "घे, आधी पाणी पी."

मी दोन घोट घेतले. पाणी अंगावर सांडलं म्हणून हातमोजा काढायला गेलो, तो निघेना. भाच्याने ओढून काढला. तेव्हा मला माझी साखरपुड्याची अंगठी दिसली. बोटात रुतली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. थंडीच्या दिवसांत हीच अंगठी सैल होऊन आंघोळीच्या वेळी निसटते, म्हणून बायको दरवर्षी ओरडते. घड्याळाच्या पट्ट्याचाही मनगटावर खोल वळ उठला होता.

अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाची अंगठी घट्ट होत नाही.

एकट्या अंगठीवरून निदान करायचं नसतं. हँडलवर तासन्‌तास हात ठेवूनही बोटं सुजतात. पण पांढरी लघवी, तुंबलेलं पोट, मळमळ, डोकेदुखी, चुकलेली बेरीज, सुजलेली बोटं आणि सकाळपासून रिचवलेलं पाणी हे सगळं एका ओळीत ठेवलं की उत्तर एकच येत होतं. गजराचेच पाच लिटर झाले होते. वर दोन शहाळी, दोन चहा आणि नरवणची बाटली. मला पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. रक्तातलं सोडियम उतरलं होतं, आणि मी ते अजून पातळ करत होतो.

मी बाटली खाली ठेवली. भाच्याला सांगितलं, "मला आता पाणी देऊ नकोस. मी मागितलं तरी देऊ नकोस." तो घाबरला. भर दुपारी, घामाने भिजलेल्या मामाला पाणी द्यायचं नाही हे त्याला पटेना. त्याच्या पिशवीतले खारे दाणे मी खाल्ले. जवळच्या टपरीतल्या मावशींना म्हटलं, काहीतरी खारट द्या. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःच्या डब्याकडे हात नेला. "वाईच पेज देऊ काय?" मी अर्धी वाटी घट्ट पेज मीठ घालून, लिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्ली. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

खाडी ओलांडून जयगडला उतरलो तेव्हा डोकं किंचित हलकं झालं होतं. लगेच मनात आलं, आता जमेल की! समोर गणपतीपुळ्याचा रस्ता दिसत होता, महिनाभर याची तयारी केली होती. हा क्षण मला त्या दिवसातला सगळ्यात धोक्याचा वाटतो. पोटात प्यायलेलं पाणी अजून रक्तात शिरतच असतं, त्यामुळे थांबल्यावरही सोडियम काही काळ उतरू शकतं. पेशंटला मी एका शब्दात "नाही" म्हटलं असतं. स्वतःला म्हणायला दहा मिनिटं लागली.

मासळीचे रिकामे क्रेट घेऊन रत्नागिरीला परतणारा एक टेम्पो मिळाला. माझी आणि मित्राची सायकल क्रेटांवर आडवी, आम्ही दोघं पुढे. भाच्याला पुढचा रस्ता सायकलने करू दिला. रत्नागिरीत ओळखीच्या डॉक्टरांकडे रक्त तपासलं: सोडियम १२७. ते १३५ ते १४५ असायला हवं. त्यांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, पाणी मोजून दिलं, ती गोळी थांबवली. रात्री मला भरपूर लघवी झाली आणि सकाळी सोडियम १३४ वर आलं. भाचा तोवर आरे-वारेच्या सूर्यास्ताचे फोटो दाखवत पलंगाशी बसला होता.

शरीरात नेमकं काय झालं?

आपल्या रक्तातलं सोडियम म्हणजे, सोप्या भाषेत, रक्तातलं मीठ. पेशींच्या आत आणि बाहेर किती पाणी राहील हे मुख्यतः त्याच्यावर ठरतं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. बोटांना फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद असतो, त्याला जागा नसते. म्हणून आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग गोंधळ, आणि सोडियम फार वेगाने उतरलं तर झटके, बेशुद्धी, क्वचित मृत्यूही.

मग मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर का टाकत नाहीत? एरवी टाकतात. निरोगी माणसाची मूत्रपिंडं आरामात असताना तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर काढू शकतात. पण तासन्‌तास श्रम चालू असले की मेंदूतून एक संप्रेरक जास्त सुटतं, जे मूत्रपिंडांना सांगतं, "पाणी धरून ठेवा." मळमळ आणि वेदनेनेही ते वाढतं. म्हणजे नळ चालू आणि मोरीचं भोक अर्धं बुजलेलं. माझ्या बाबतीत त्यात गोळीची भर पडली. थायझाइड गटातली औषधं मीठ बाहेर टाकतात आणि लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडांची ताकदही कमी करतात.

घामाचंही गणित आहे. एका लिटर घामातून साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ जातं. माणसामाणसात खूप फरक असतो. ज्यांच्या टी-शर्टवर घाम वाळल्यावर पांढरे नकाशे उमटतात, त्यांचं जास्त जातं. मी ते मीठ गमावत होतो आणि जागा भरत होतो नुसत्या पाण्याने. शहाळ्याचा मला फार भरवसा होता. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण घामाची भरपाई होईल इतकं सोडियम सहसा नसतं.

आणि गंमत म्हणजे तो दिवस फार उन्हाचा नव्हताच. डिसेंबर होता, आमचा वेग बेताचा होता, घाम कमी येत होता. मी मात्र मे महिन्याच्या हिशोबाने पीत होतो. हे केवळ माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी आढळलं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक होता. अतिवेगवान धावपटूला पाणी प्यायला सवडच नसते. सावकाश, रमतगमत जाणाऱ्या, आज्ञाधारक माणसाला असते.

मग प्यायचं किती?

तहानेप्रमाणे. बहुतेक निरोगी माणसांसाठी तहान हा भरवशाचा निरोप आहे. घड्याळाने पिऊ नका, आणि तहान लागलेली असताना "पुढच्या गावात बघू" असंही करू नका.

दोन-तीन तासांपेक्षा मोठा पल्ला असेल तर पाण्याबरोबर खाणं हवं, आणि त्यात मीठ हवं. खारे दाणे, भाकरी-लोणचं, मीठ घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत, पेज, ताक. पेजेमागे शास्त्रही आहे. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून शोषले जातात. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून द्यायचे द्रव कमी पडल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पेजेत साखरेचं काम तांदळाचा स्टार्च करतो. घरी ओआरएस करायचं तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण लक्षात ठेवा, ओआरएससुद्धा तहानेच्या पलीकडे ढोसायचं नसतं.

घरी एक प्रयोग करून बघा. सायकल चालवण्याआधी आणि नंतर वजन करा. थोडं कमी झालं असेल तर ठीक. वाढलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात.

दोन्हींतला फरक असा ओळखा:

पाणी कमी पडलं तर: खूप तहान, कोरडी जीभ, गडद आणि थोडी लघवी, उठून उभं राहताना चक्कर, वजन घटलेलं.

पाणी जास्त झालं तर: तहान नाही, पोट तुंबलेलं, मळमळ, डोकेदुखी, अंगठी-घड्याळ घट्ट, वजन वाढलेलं. लघवी पांढरी असेल किंवा होतही नसेल.

बडबड, गोंधळ, सारख्या उलट्या किंवा झटका आला तर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. "आधी सलाईन लावा" असा आग्रह धरू नका. किती पाणी प्यायला होता आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा, आणि सोडियम तपासायला सांगा.

आणि हे वाचून कोणी बीपीची गोळी मनाने बंद करू नये! गोळी वाईट नाही. मोठ्या सहलीला, यात्रेला, ट्रेकला जाण्याआधी डॉक्टरांना गोळी दाखवून विचारा, एवढंच. हृदय, मूत्रपिंड किंवा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांना पाण्याचं वेगळं प्रमाण सांगितलेलं असतं, त्यांनी तेच पाळावं. मे महिन्यातला उष्माघात खराच असतो. तेव्हा पाणी टाळा असं मी अजिबात म्हणत नाही.

शेवटी, एक राहिलेलं

रत्नागिरीच्या त्या पलंगावर रात्री झोप लागेना. मला माझ्या एक आजी आठवत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बीपीच्या पेशंट, माझ्यासारखीच गोळी चालू. त्या आधीच्या मे महिन्यात त्या आल्या तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं. मी त्यांना सांगितलं होतं, "आजी, दिवसाला चार लिटर पाणी गेलंच पाहिजे." आठवड्याने मुलगा त्यांना उचलून घेऊन आला. त्या कोणालाच ओळखत नव्हत्या. सोडियम ११८. पाच दिवस दवाखान्यात राहून त्या बऱ्या झाल्या. मी केसपेपरवर कारण लिहिलं, "गोळीचा दुष्परिणाम," गोळी बदलली आणि विषय संपवला. चार लिटरचं वाक्य केसपेपरवर कुठेच नव्हतं.

परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांना आणि मुलाला समोर बसवून सांगितलं की गोळीइतकंच माझं वाक्यही कारण होतं. मुलगा गप्प बसला, आणि ते बरोबरच होतं. आजी मात्र म्हणाल्या, "मला तहान लागतच नव्हती हो डॉक्टर. पाणी जातच नव्हतं. पण तुम्ही सांगितलंत, म्हणून मी बाटलीवर खुणा करून पीत होते."

त्या खुणांची बाटली आणि माझा पंधरा मिनिटांचा गजर. फरक काहीच नाही. तेव्हापासून "भरपूर पाणी प्या" हे वाक्य मी पेशंटला घाईत सांगत नाही. आधी विचारतो, तहान लागते का? लघवी कशी होते? गोळ्या कोणत्या चालू आहेत? दोन मिनिटं जास्त लागतात, ताटकळणारे पेशंट जरा रागावतात.

पुढच्याच वर्षी जयगड ते रत्नागिरी हा राहिलेला रस्ता मी सायकलने केला. गजर न लावता. वाटेत तवसाळच्या टपरीवर मावशींना भेटलो. त्यांनी मला ओळखलं नाही. मी लिंबाचं लोणचं विकत मागितलं, तेव्हा जरा विचित्र नजरेने पाहिलं, इतकंच.

अलिबागहून गोव्याला निघणाऱ्या मित्रा, उत्तर मिळालं ना? मजेत जा. तहान लागली की पाणी पी, भूक लागली की खा, पिशवीत खारे दाणे ठेव. आणि बोटात अंगठी असेल तर मधून मधून ती फिरते का बघत जा.